पेन्शन रुपयांत, खर्च डॉलरांत
मुलांकडे परदेशी राहणाऱ्या आणि परदेशातून परतलेल्या सीमाभागातल्या निवृत्तांसाठी

२०२५च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर आधी २५ टक्के आणि २७ तारखेपासून आणखी २५ टक्के आयातशुल्क लावलं. बेळगावातल्या निवृत्त मंडळींना वाटलं, हा प्रश्न उद्यमबागेतल्या फाउंड्रीवाल्यांचा आणि हत्तरगीला विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्यांचा. पण २९ ऑगस्टला अमेरिकेनं ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना मिळणारी शुल्कमाफीही काढून घेतली. त्याच्या चार दिवस आधीपासूनच आपल्या टपाल खात्यानं तिकडच्या पार्सलांचं बुकिंग थांबवायला सुरुवात केली होती. ते पुन्हा सुरू झालं १५ ऑक्टोबरला, दिवाळी आठवड्यावर आली तेव्हा. नातवंडांसाठीच्या फराळाचे डबे कसे पाठवायचे, हा टिळकवाडी-शहापूरच्या स्वयंपाकघरातला प्रश्न होऊन बसला.

फराळाचं निभावून नेता येतं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात डॉलरनं ९० रुपयांची पातळी ओलांडली, ती गोष्ट मात्र निवृत्तांच्या हिशेबाला जास्त लागणारी आहे. शाळा-कॉलेजातून, बँकांतून, हेस्कॉममधून, इंडालमधून (आताच्या हिंदाल्कोतून) निवृत्त झालेल्यांची किंवा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून पेन्शनीत निघालेल्यांची कितीतरी घरं बेळगाव-निपाणी पट्ट्यात आहेत आणि त्यांची मुलं अमेरिका, कॅनडा, जर्मनी, दुबई, मस्कत अशी पांगलेली आहेत. आईवडील कधी सहा महिने जाऊन येतात, कधी तिकडेच राहतात. काहींनी स्वतःच आखातात उमेदीची वर्षं घालवली आणि आता परतून इथं घर बांधलं आहे. या सगळ्यांना एकच सल्ला लागू पडत नाही.

आधी आपला गट ओळखा

एका कागदावर दोन रकाने पाडा. डावीकडे पैसा कुठल्या चलनात येतो ते लिहा, उजवीकडे कुठल्या चलनात जातो ते. पेन्शन, भाडं, ऊसबिल, व्याज हे सगळं रुपयांत येत असेल आणि खर्चही इथंच होत असेल, तर डॉलर शंभरावर गेला तरी तुमच्यावर थेट परिणाम थोडाच होईल. पेट्रोल, सोनं, खाद्यतेल अशा आयात होणाऱ्या वस्तूंतून काय तो जाणवेल.

येणं रुपयांत आणि जाणं डॉलरांत असेल, तर रुपया घसरला की तुमचंच नुकसान. येणं डॉलरांत किंवा दिरहमांत आणि खर्च निपाणीत असेल, तर रुपया घसरल्यावर हाती चार पैसे जास्त पडतात. बहुतेकांचं मात्र मिश्र असतं. वर्षातले काही महिने तिकडे, उरलेले इथं. अशांनी दोन्ही रकान्यांची वर्षाची बेरीज करून न जुळणारी रक्कम काढावी. जोखीम आहे ती तेवढ्याच रकमेवर. बाकीच्या पैशासाठी रोज मोबाइलवर डॉलरचा भाव बघत बसण्याचं कारण नाही.

रुपयातली पेन्शन तिकडे किती उरते

महिना ५०,००० रुपये पेन्शन धरू. डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता त्या काळात, म्हणजे २०१०च्या सुमारास, तिचे सुमारे १,१११ डॉलर झाले असते. ७५च्या भावानं, म्हणजे २०२०च्या सुमारास, ६६७. आणि ९०च्या भावानं ५५६. रक्कम तीच राहिली आणि पंधरा वर्षांत तिची परदेशातली किंमत निम्म्यावर आली.

यावर कुणी म्हणेल, दरम्यान महागाई भत्ता वाढलाच की. वाढला, पण तो भारतातल्या महागाईच्या निर्देशांकावर ठरतो, डॉलरच्या भावाशी त्याचा संबंध नाही. बेळगावातला भाजीपाला महागला तर पेन्शन थोडी वर सरकते. टोरांटोतलं घरभाडं वाढलं म्हणून सरकत नाही. कर्मचारी भविष्य निधीची ईपीएस-९५ पेन्शन घेणाऱ्यांना तर महागाई भत्ताच नाही, आणि तिची किमान रक्कम महिना १,००० रुपये आहे. या पेन्शनवर तिकडच्या खर्चाची मांडणी करूच नये.

म्हणून जाण्याआधी मुलांशी स्पष्ट बोलणं हवं. आपल्याकडे या विषयाचा संकोच असतो. पण राहणं-खाणं मुलाकडे, तिकीट, विमा आणि औषधं आपल्याकडे, अशी वाटणी ठरली की तुमचे बरेचसे खर्च रुपयांतच उरतात. विमानाचं तिकीट इथं रुपयांत काढता येतं, प्रवासी आरोग्यविमा भारतीय कंपनीकडून रुपयांत मिळतो, नेहमीची औषधं इथूनच नेता येतात. जे रुपयांत भागतं ते रुपयांतच भागवा.

आयातशुल्क खिशापर्यंत कसं येतं

अमेरिकेनं लावलेलं शुल्क भारत भरत नाही. माल उतरवून घेणारा तिथला आयातदार ते भरतो आणि जमेल तेवढं गिऱ्हाइकावर ढकलतो. मुलाच्या गावातल्या भारतीय किराणा दुकानात तांदूळ, पापड, लोणचं महागतं ते असं. ही पहिली वाट. पण ५० टक्के शुल्क म्हणजे दहा डॉलरचा पुडा पंधराला, हा हिशेब चुकतो. शुल्क बंदरावरच्या किमतीवर लागतं. पुड्याची तिथली किंमत चार डॉलर असेल तर शुल्क दोन डॉलर. दुकानातल्या किमतीचा उरलेला भाग वाहतूक, भाडं, पगार आणि नफा यांचा असतो. त्यामुळे आयातदारानं सगळा बोजा पुढे ढकलला तरी पुडा बारा डॉलरच्या घरात जाईल. शिवाय याद्या बदलत राहतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेनं चहा, कॉफी, मसाले अशा कित्येक वस्तूंवरचं प्रतिशुल्क मागे घेतलं. दोघांच्या जेवणखाणाच्या मानानं ही वाढ सोसण्यासारखी असते.

दुसरी वाट पार्सलाची. टपालसेवा पुन्हा सुरू झाली तेव्हा जाहीर किमतीवर ५० टक्के शुल्क इथंच, बुकिंगच्या वेळी भरून घेण्याची पद्धत आली. घरगुती भेटवस्तूंना मात्र १०० डॉलरपर्यंत माफी होती. पार्सल पाठवण्याआधी टपाल कार्यालयात किंवा कुरिअरवाल्याकडे त्या दिवशीचा दर विचारा, वस्तूंची यादी आणि किंमत खरी लिहा. दुधाचे पदार्थ, मांसाहारी जिन्नस, बियाणं यांवर तिकडची तपासणी कडक असते, म्हणून कुंदा पाठवण्यापेक्षा कोरडा फराळ बरा.

तिसरी वाट थेट बेळगावातून जाते आणि तिच्याकडे लक्ष कमी जातं. काही निवृत्तांचं म्हातारपण उद्यमबागेत किंवा मच्छ्याला भाड्यानं दिलेल्या शेडवर चालतं. कुणाचा पैसा भावाच्या किंवा मित्राच्या कारखान्यात गुंतलेला असतो. तिथलं काम निर्यातीच्या ऑर्डरींवर असेल, तर शुल्क वाढल्यावर ऑर्डरी लांबतात आणि भाडंही थकतं. निपाणीकरांची गुंतवणूक इचलकरंजीच्या कापडधंद्यात किंवा कोल्हापूरच्या फाउंड्रीत असेल, तर त्यांनाही हेच लागू. परदेशी जाताना या भाड्यावर तिकडचा खर्च लावून धरू नका. सहा महिन्यांचं भाडं आलं नाही तरी चालेल एवढी रक्कम बँकेत वेगळी ठेवा.

चौथी वाट विनिमय दराची. निर्यात कमी झाली, परदेशी गुंतवणूकदारांनी पैसा काढून घेतला, की देशात येणारे डॉलर घटतात आणि रुपयावर ताण येतो. आयातशुल्काची झळ निवृत्तांना लागते ती मुख्यतः अशी, आडवळणानं.

पैसे नेताना

भारतात राहणाऱ्या व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. पेन्शनरांना या मर्यादेची अडचण क्वचितच येते. अडतं ते उगमाशी गोळा होणाऱ्या करावर, म्हणजे टीसीएसवर. एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाख रुपयांपर्यंत हा कर नाही. त्यापुढे मुलाला भेट किंवा घरखर्च म्हणून पाठवलेल्या रकमेवर २० टक्के कापले जातात. मुलीच्या घरासाठी आईनं १५ लाख पाठवले, तर वरच्या पाच लाखांवर एक लाख टीसीएस. हा पैसा बुडत नाही, विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो. पण ज्यांना एरवी करच लागत नाही अशी मंडळी विवरणपत्र भरत नाहीत आणि आपलाच लाख रुपया सरकारकडे पडून राहतो. जमत असेल तर रक्कम मार्च आणि एप्रिल अशी दोन आर्थिक वर्षांत विभागून पाठवा, किंवा नवराबायकोनं आपापल्या खात्यातून पाठवा.

परदेशी नोटा एका प्रवासात सर्वसाधारणपणे ३,००० डॉलरपर्यंत नेता येतात. त्यावरचा पैसा फॉरेक्स कार्डावर घ्या. कार्डवर पैसे एकदम न भरता दोन-तीन हप्त्यांत भरले की सगळी रक्कम एकाच वाईट दिवसाच्या भावात अडकत नाही. तिकडच्या दुकानात कार्ड दिल्यावर मशीन विचारतं, डॉलरांत देता की रुपयांत? रुपये ओळखीचे म्हणून लोक तेच निवडतात आणि वाईट भाव पदरात पाडून घेतात. तिथलंच चलन निवडा. आणि बँकांची तुलना करताना केवळ फी पाहू नका. त्या दिवसाच्या बाजारभावापेक्षा तुम्हाला दिलेला भाव किती पैशांनी वेगळा आहे, ते विचारा. बँकेची खरी कमाई तिथं असते.

पैसे येताना

मुलानं आईवडिलांना पाठवलेल्या पैशावर भारतात प्राप्तिकर नाही, रक्कम कितीही असो. फक्त बँकेतून आलेला पुरावा जपून ठेवा. अमेरिकेनं १ जानेवारी २०२६ पासून बाहेर पाठवल्या जाणाऱ्या पैशावर एक टक्का कर लावला आहे, पण तो रोख, मनीऑर्डर किंवा बँकर्स चेक देऊन पाठवणाऱ्यांना लागतो. बँक खात्यातून किंवा तिथल्या कार्डावरून पाठवलं तर लागत नाही. मुलाला एवढंच सांगा, की रोख नेऊन देऊ नकोस, खात्यातून पाठव.

आखातातून हुंडीनं पैसा मागवण्याची सवय काही घरांत अजून आहे. चार पैसे जास्त मिळतात खरे, पण हा मार्ग बेकायदा आहे आणि उद्या घर किंवा जमीन घेताना त्या पैशाचा उगम दाखवता येत नाही.

आखातातून परतलेल्यांसाठी

अमिरातीचा दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दरानं बांधलेला आहे, सौदी रियाल ३.७५ला. म्हणजे दुबईतला निवृत्त माणूस नकळत डॉलरच्याच नावेत बसलेला असतो. डॉलर ९० रुपये झाला की दिरहम साडेचोवीस होतो.

तिकडे असताना बचत भारतात एनआरई खात्यात ठेवली, तर ती त्याच दिवशी रुपये होते आणि पुढे रुपया घसरला तरी ठेव तेवढीच राहते. निवृत्तीनंतर बेळगावातच राहायचं असेल तर यात चूक नाही, कारण खर्चही रुपयांतच आहे. मुलांकडे कॅनडा-अमेरिकेत राहायचं असेल, तर बचतीचा एक भाग एफसीएनआर ठेवीत, परकी चलनातच ठेवावा. ती एक ते पाच वर्षांसाठी असते.

कायमचं परतल्यावर बँकेला कळवणं बंधनकारक आहे. एनआरई खातं साध्या निवासी खात्यात किंवा आरएफसी खात्यात बदलावं लागतं. आरएफसीत परकं चलन तसंच ठेवता येतं. एफसीएनआर ठेव मुदत संपेपर्यंत चालू राहू शकते. एनआरईच्या व्याजावरची करसवलत परतल्यानंतरही चालूच आहे असं समजून बसू नका. परतीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत करातला दर्जा वेगळा असू शकतो, तेवढ्यासाठी एकदा सीएकडे जाण्याची फी वसूल होते.

आता सीमाभागातली एक खास गोष्ट. परतलेला पैसा आपल्याकडे सौहार्द सोसायट्यांत जातो. व्याज एक-दोन टक्के जास्त, संचालक ओळखीचे, व्यवहार मराठीत बोलून करता येतो. पण बँकेतल्या ठेवीला मिळतं ते पाच लाखांपर्यंतचं ठेवविम्याचं संरक्षण सोसायटीतल्या ठेवीला नाही. नागरी सहकारी बँकेत ते आहे, एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह पाच लाखांपर्यंत. डॉलरच्या भावानं वर्षाला चार-पाच टक्के इकडेतिकडे होतात. बुडालेल्या सोसायटीत सगळीच रक्कम अडकते. आयुष्याची पुंजी दोन-तीन मोठ्या बँकांत वाटून ठेवावी आणि सोसायटीत ठेवायचीच तर गेली तरी झोप उडणार नाही एवढी ठेवावी.

ब्रिटनमध्ये नोकरी करून आलेल्यांनी हे लक्षात घ्यावं, की तिथली सरकारी पेन्शन भारतात राहणाऱ्यांना दरवर्षी वाढवून मिळत नाही. इथं राहायला लागल्यावर मिळणारा आकडा पुढेही तोच राहतो. पौंड वधारला तर रुपयांत थोडी वाढ दिसेल, पण वीस वर्षांच्या महागाईला ती पुरी पडणार नाही.

दवाखान्याचा खर्च

तिकडे राहणाऱ्या आईवडिलांचं गणित मोडतं ते दवाखान्यात. ग्रीन कार्ड मिळालं म्हणून ६५ वर्षांवरच्या माणसाला लगेच मेडिकेअर मिळत नाही; हप्ता भरून ते घेण्यासाठीही सलग पाच वर्षांचं वास्तव्य लागतं. पाहुणे म्हणून जाणाऱ्यांच्या विम्यात आधीपासूनचे आजार बहुधा वगळलेले असतात. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर एजंटाच्या तोंडी शब्दावर न जाता पॉलिसीतलं ते कलम वाचून घ्या. बेळगावातला आरोग्यविमा तिकडे उपयोगी पडत नसला तरी त्याचा हप्ता चुकवू नका. साठीनंतर बंद पडलेली पॉलिसी पुन्हा मिळवणं अवघड, आणि मोठी शस्त्रक्रिया शेवटी इथंच येऊन करायची वेळ बहुतेकांवर येते.

अमेरिकेला नेताना औषधं साधारण ९० दिवसांच्या वापराइतकी, मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्यावीत.

निघण्यापूर्वी

हयातीचा दाखला: केंद्र सरकारच्या पेन्शनरांना तो नोव्हेंबरात द्यावा लागतो, ८० वर्षांवरच्यांना १ ऑक्टोबरपासून देता येतो. ईपीएसवाल्यांचा दाखला दिल्यापासून बारा महिने चालतो. माजी सैनिकांनी ‘स्पर्श’वर आपली तारीख पाहावी. कर्नाटक सरकारच्या पेन्शनरांनी बँकेत किंवा खजिना कार्यालयात आधीच विचारून घ्यावं. नोव्हेंबरात परदेशी असाल तर ‘जीवन प्रमाण’ची मोबाइलवरची सोय किंवा भारतीय दूतावास यांची मदत होते. दाखला चुकला की पेन्शन थांबते आणि नेमकी तेव्हा डॉलरांत उसनवारी करावी लागते.

मोबाइल: बँकेचा ओटीपी भारतीय नंबरवरच येतो. सिम बंद पडू देऊ नका, रोमिंग चालू करून घ्या आणि कार्डाचा परदेशी वापर बँकेकडून सुरू करून घ्या.

नाव: कन्नड कागदांवरून इंग्रजीत आलेलं पेन्शन आदेशावरचं नाव, आधार आणि पासपोर्ट यांवरचं स्पेलिंग एकच आहे का, हे ताडून पाहा. फरक असेल तर दुरुस्ती इथं असतानाच करा.

खातं: सहा महिने फिरून येणार असाल तर खातं आहे तसं चालतं. कायमचं जाणार असाल तर ते एनआरओमध्ये बदला. पेन्शन, भाडं, व्याज त्यातच जमा होईल आणि कर भरल्यानंतर बाहेरही नेता येईल. घर-जागा विकून आलेला पैसा त्यातून नेताना वर्षाला दहा लाख डॉलरची मर्यादा आहे. अनिवासी झाल्यावर वडिलोपार्जित शेतजमीन ठेवता येते, नवी विकत घेता येत नाही.

मुखत्यारपत्र: जमिनीची आणि भाड्याची कामं पाहणाऱ्या माणसाच्या नावे ते इथंच करून जा. तिकडून करून पाठवलं तर भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. ते मोघम नको. कुठली कामं करता येतील आणि विक्रीचा अधिकार आहे की नाही, हे स्पष्ट लिहा.

भाव कधी पकडायचा?

हा प्रश्न सगळ्यांचा असतो. रुपया घसरतच जाणार म्हणून आजच सगळे डॉलर घ्यावेत का? दीर्घकाळात रुपया घसरत आला आहे हे खरं, पण २०१७ साली तो ६८च्या आसपासवरून वर्षअखेर ६४च्या खाली मजबूत झाला होता. त्या वर्षी घाईनं डॉलर घेणाऱ्यांना फटका बसला. पुढच्या बारा महिन्यांत नक्की लागणार तेवढेच डॉलर आता हप्त्यांनी घ्या. त्यानंतरचे पुढच्या वर्षी पाहू. परतून इथं राहणाऱ्यांनी भाव वाढायची वाट पाहत डॉलर अडकवून ठेवू नयेत. गरज पडेल तसे मोडावेत.

आयातशुल्क दिल्ली-वॉशिंग्टनमध्ये ठरतं आणि विनिमय दर बाजारात, दोन्ही आपल्या हातात नाहीत. खर्च कुठल्या चलनात करायचा, पैसा किती बँकांत वाटायचा आणि कागद वेळेवर द्यायचे की नाही, हे मात्र आपणच ठरवतो. तिकीट काढण्याआधी दोन रकान्यांचा तो कागद भरा आणि त्याची एक प्रत मुलाकडे किंवा मुलीकडे द्या.